कमोड की इंडियन? : एका घरगुती खरेदीतून संशोधन-प्रश्नाचा धडा



मागच्या काही लेखांत आपण सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू आणि गाईडशी होणारी पहिली भेट यांबद्दल बोललो. त्यावर अनेकांनी एकच गोष्ट विचारली : "विषय ठरलाय, पण संशोधनाचा प्रश्न नेमका कसा काढायचा?" आज त्याचं उत्तर देते, पण संडासाच्या इतिहासातून. हसू नका. गेल्या दिवाळीत आमच्या घरी संडासाचं भांडं निवडायचं होतं आणि त्या आठ दिवसांत मी जे शिकले, ते प्री-पीएच.डी. कोर्सवर्कच्या सहा महिन्यांतही शिकले नव्हते.

आमचं घर माण तालुक्यात. उन्हाळ्यात टँकर ठरलेला. घरात पाच माणसं. आजी ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. संडास परसात, एका खोल खड्ड्यावर. रात्री-अपरात्री तिला तिथवर न्यायचं म्हणजे दोघं लागायची. म्हणून घरातच न्हाणीघराला लागून संडास करायचा ठरला. काकांनी पुण्यातल्या पाहुण्यांच्या फ्लॅटमधला मोठा कमोड पाहिला होता, त्यांना तसाच हवा होता. गवंडी म्हणाला, "इंडियन बसवा, स्वस्तात होईल." दुकानदाराने तर पहिलाच प्रश्न टाकला, "एस पाहिजे का पी?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी सांडपाणी आणि विहिरीतलं नायट्रेट यावर पीएच.डी. करते, म्हणजे मला हे माहीत असणारच असा त्यांचा समज. मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले.

एस म्हणजे काय, आणि तो आला कुठून?

भांड्याखालचा पाइप सरळ खाली न जाता वळतो आणि त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. याला वॉटर सील म्हणतात. ड्रेनेजमधला वायू, डास आणि झुरळं घरात येत नाहीत ती या पाण्यामुळे. वळण घेऊन पाइप जमिनीत गेला तर एस ट्रॅप, मागच्या भिंतीतून बाहेर गेला तर पी ट्रॅप. बस, एवढंच. तुमचा ड्रेनेज पाइप जमिनीतून जातो की भिंतीतून, हे आधी बघायचं आणि मग दुकानात जायचं. एस असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजून न्यायचं, नाहीतर भांडं परत करायला टेम्पोचं भाडं पडतं.

या वळणाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते लंडनमधले घड्याळजी. त्याआधी १५९६ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा मानसपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने पाण्याने धुतला जाणारा संडास बनवून त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. पण त्यात हे वळण नव्हतं, त्यामुळे खालचा वास वर येण्याचा रस्ता मोकळाच होता. कमिंग यांच्या रचनेत भांड्याखाली सरकणारी झडप होती. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी तिच्या जागी बिजागरीची झडप लावली. ब्रामा मुळात फर्निचर बनवणारे कारागीर. पुढे शंभरेक वर्षांनी, १८८३ मध्ये, टॉमस ट्वायफर्ड यांनी अख्खं भांडं चिनी मातीच्या एकाच तुकड्यात बाजारात आणलं. आज दुकानात जे पांढरं भांडं दिसतं, त्याचं घराणं हे.

इथे एक थांबा घेऊ. तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल की फ्लशच्या संडासाचा शोध टॉमस क्रॅपर यांनी लावला. मीही सुरुवातीला माझ्या वहीत तसंच लिहिलं होतं. मग पेटंटांच्या तारखा बघितल्या. क्रॅपर यांचा जन्म १८३६ चा, म्हणजे कमिंग यांच्या पेटंटनंतर साठ वर्षांनी! क्रॅपर खरे होते, लंडनमधले नावाजलेले प्लंबर होते, त्यांच्या नावावर नऊ पेटंटंही आहेत, पण संडासाचा शोध त्यांचा नाही. ही कथा पसरली ती वॉलेस रेबर्न यांच्या १९६९ च्या विनोदी चरित्रामुळे. याच लेखकाने दोन वर्षांनी ब्रेसियरच्या शोधावर पुस्तक लिहिलं आणि त्याचा नायक तर पूर्णपणे काल्पनिक होता. म्हणून सांगते, दहा ठिकाणी एकच वाक्य दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं असू शकतं. मूळ कागद गाठा.

लंडनने नाकाचा प्रश्न सोडवला

आता मुख्य मुद्दा. कमिंग यांचं वळण कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं? प्रश्न होता : "घरात वास येऊ नये, यासाठी काय करावं?" हा प्रश्न ज्यांच्या घरात नळ आणि नोकर होते त्यांचा. उत्तर उत्तम होतं. त्या काळी दुर्गंधीमुळेच रोग होतात असं डॉक्टरही मानत, त्यामुळे वास गेला म्हणजे रोगही गेला असं वाटणं साहजिक होतं.

पण भांड्यातून गेलेलं जायचं कुठे? आधी घराखालच्या मैलाकुंडीत. फ्लशचं पाणी वाढलं तशा कुंड्या भरभर भरू लागल्या. मग १८१५ नंतर त्या पावसाळी गटारांना जोडायला परवानगी मिळाली, आणि गटारं टेम्स नदीत जात होती. त्याच नदीचं पाणी शहरातल्या अनेक वस्त्या पीत होत्या. कॉलऱ्याच्या साथी आल्या. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून रोग पाण्यातून पसरतो हे दाखवलं, पण तेव्हा फार थोड्यांना ते पटलं. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सचा वास थेट संसदेच्या खिडक्यांतून आत आला, तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले आणि जोसेफ बाझलगेट यांनी शहराखालच्या मोठ्या गटारांचं काम हाती घेतलं.

बघा, वळणात दोष नव्हता. प्रश्न अर्धा होता. नदीचं पाणी पिणारी माणसं त्या प्रश्नात नव्हतीच.

आपल्याकडे प्रश्नातून कोण सुटलं?

मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं ते १८६० मध्ये. मैलापाणी वाहून नेणारी व्यवस्था त्यामानाने मागे राहिली. घरोघरी टोपलीचे संडास होते. खाली टोपली किंवा डबा, आणि तो उचलायला मागच्या बाजूने येणारा माणूस. दोन इमारतींमधल्या ज्या अरुंद पट्टीला मुंबईत आजही घरगल्ली म्हणतात, ती मुळात यासाठी सोडलेली वाट. १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी हलालखोर कर होता. पुण्याच्या वाड्यांतही संडास मागच्या बोळाला लागून असत, ते याच कारणाने. घरमालकाच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला होता. डोक्यावरून मैला वाहणारा माणूस आणि पिढ्यान् पिढ्या ते काम त्याच्याच जातीच्या माथी मारणारी व्यवस्था, ही मात्र प्रश्नाच्या बाहेर.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हाच प्रश्न उलटा विचारला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम आपल्याला करू द्या म्हणून आग्रह धरला. ते काम एका जातीचंच आहे हे त्यांना मान्य नव्हतं. परवानगी नाकारली गेली तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या बाजूने उपोषण आरंभलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकून खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. त्याला गोपुरी संडास असंच नाव पडलं. त्यांचा प्रश्न होता : "कोणाच्याही हाताला ताजा मैला लागू नये, असा संडास कसा करता येईल?" प्रश्नात एक माणूस नव्याने आला आणि संडासाचा आकार बदलला.

दोन सेंटिमीटरचा हिशोब

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग आता येतो.

१९३० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनने हूकवर्मच्या मोहिमेत भारतात बोअर-होल संडास आणले. जमिनीत अरुंद, खोल भोक आणि वर बसायची फरशी. १९४९-५० मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला त्याची रुंद विहिरीसारखी आवृत्ती करून पाहिली गेली. दोन्हींत वास आणि माश्यांची अडचण होतीच. त्यावर इलाज वॉटर सील. पण शहरातलं भांडं खेड्यात कसं चालणार? खेड्यातलं पाणी डोक्यावरून येतं.

१९५० च्या दशकात लखनौची नियोजन संशोधन व कृती संस्था आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे संशोधन-नि-कृती प्रकल्प यांनी यावर काम केलं. त्यातून आलेल्या भांड्याची लांबी साधारण साडेबेचाळीस सेंटिमीटर, ट्रॅपचा व्यास साडेसात सेंटिमीटर, आणि वॉटर सील फक्त २ सेंटिमीटर. शहरी भांड्यात हेच सील साधारण ५ सेंटिमीटरचं असतं. मग खेड्याला कमी दर्जाचं दिलं का?

नाही. विज्ञानवाल्यांनी वही काढा. पाण्याचा स्तंभ किती दाब अडवतो? घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ५ सेंटिमीटरसाठी हे साधारण ४९० पास्कल येतं, २ सेंटिमीटरसाठी १९६. बहुमजली इमारतीत वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा खाली आला की उभ्या पाइपात खेच आणि दाब तयार होतो आणि खालच्या घरातलं सील ओढलं जाऊ शकतं. म्हणून तिथे ५ सेंटिमीटर आणि शिवाय व्हेंट पाइप लागतो. खेड्यातल्या शोषखड्ड्याच्या भिंतीला भोकं असतात, वायू मातीत मुरतो, दाब साचत नाही. तिथे २ सेंटिमीटर पुरतात. आणि सील उथळ असलं की मैला ढकलायला पाणी कमी लागतं. उतार तीव्र ठेवला तर आणखी कमी. म्हणजे वरचे ३ सेंटिमीटर काढून टाकणं ही काटकसर नव्हती, तर "पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला किती हेलपाटे पडतील?" या प्रश्नाचं उत्तर होतं.

हीच वाट पुढे नेत १९७० मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी बिहारमध्ये सुलभची सुरुवात केली. त्यांच्या भांड्याला २५ ते २८ अंशांचा उतार, २० मिलिमीटरचं सील, दीड-दोन लिटर पाणी. आणि एकाऐवजी दोन खड्डे. एक भरला की तो बंद करून दुसरा सुरू. दोनेक वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं आणि ते कोणीही, घरचा माणूससुद्धा, फावड्याने काढू शकतो. कोरडे संडास बांधायला बंदी करणारा कायदा झाला १९९३ साली, आणि हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा अधिक व्यापक कायदा २०१३ साली. पण कायद्याच्या कितीतरी आधी कोणीतरी ते कलम भांड्याच्या आणि खड्ड्याच्या रचनेत लिहून ठेवलं होतं.

मोजमाप चुकलं की काय होतं

आणखी एक छोटी गोष्ट, कारण तुम्ही सगळे उद्या काहीतरी मोजणार आहात. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने ठरलं की १९९४ पासून नव्या घरगुती संडासाने एका फ्लशला जास्तीत जास्त १.६ गॅलन, म्हणजे साधारण ६ लिटर पाणी वापरावं. हेतू चांगला. पण सुरुवातीची अनेक भांडी नीट साफच होत नव्हती. लोक दोनदा फ्लश करू लागले. कायद्याने पाणी मोजलं होतं, काम झालं की नाही हे पुरेसं मोजलं नव्हतं. शेवटी २००३ मध्ये एक स्वतंत्र चाचणी आली. त्यात सोयाबीनच्या लगद्याचे गोळे भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते बघतात. ऑस्ट्रेलियात त्याआधी, १९८० मध्ये, दोन बटणांचा फ्लश आला होता : लघवीला कमी पाणी, शौचाला जास्त. तिथे कोणीतरी आधी हे बघितलं की माणूस संडासात नेमकं काय करायला जातो.

आणि उकिडवं बसणं चांगलं की खुर्चीवर? यावर २००३ मध्ये इस्रायलच्या डॉ. सिकिरोव्ह यांचा अभ्यास आहे. २८ जणांनी तीन पद्धतींनी बसून वेळ नोंदवला. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३० सेकंद. मी खूश झाले आणि काकांना सांगायला निघाले. मग स्वतःलाच विचारलं, नमुना २८ चा, वेळ त्यांनी स्वतःच नोंदवलेली, आपण कसे बसलोय हे त्यांना माहीत असणारच. शिवाय या २८ जणांत ७८ वर्षांचं कोणी नव्हतं. सर्वांत मोठा सहभागी ६६ चा. अभ्यास खोटा नाही, पण तो माझ्या आजीबद्दल नाही.

आमच्या घरी काय झालं

मी एक्सेलमध्ये छान तक्ता केला. पाण्याचा हिशोबही मांडला : माणशी रोज एकदा मोठा फ्लश, चारदा छोटा, असं धरलं तर दहा लिटरच्या जुन्या टाकीला पाच माणसांचे २५० लिटर लागतात. ३ आणि ६ लिटरच्या दुहेरी फ्लशला ९० लिटर. टँकरच्या गावात हा फरक म्हणजे रोजच्या आठ कळश्यांच्या वर. तक्ता काकांना दाखवला, गवंड्याला दाखवला. दोघांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी आजीजवळ बसले होते. म्हटलं, "आजी, बसायला उंच हवं की बुटकं?"

ती म्हणाली, "अगं, बसायचं काय, कशीबशी बसते मी. उठायचं कसं ते सांग. आणि रात्री दिवा कुठं असंल? टमरेल हाताला लागंल का?"

माझ्या तक्त्यात बारा रकाने होते. उठणं, दिवा आणि टमरेल यातलं एकही नव्हतं. लंडनला नावं ठेवत बसले होते मी, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला सगळ्यात शेवटी विचारलं. दोन दिवस वाचलं, पण दहा मिनिटं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन परसात गेले. जुना खड्डा बारा फूट खोल, कारण बांधणाऱ्याने सांगितलं होतं, जितका खोल तितकी वर्षं भरत नाही. विहिरीपासूनचं अंतर भरलं ११ मीटर. पाठ्यपुस्तकात किमान १५ मीटर लिहिलेलं असतं. नायट्रेटवर पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या घरी! त्या विहिरीचं पाणी आम्ही वर्षानुवर्षं प्यायलोय. हे मला कोणी विचारलं नसतं तर मीही मोजलं नसतं.

शेवटी असं ठरलं. घरात जमिनीवर बसणारा कमोड, एस ट्रॅप, ५ सेंटिमीटरचं सील, दुहेरी फ्लश. उजव्या हाताला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. दाराबाहेरच दिव्याचं बटण. टमरेलासाठी कमरेच्या उंचीवर कोनाडा. आणि सगळं पाणी विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, वीस मीटरच्या पुढे, दोन उथळ शोषखड्ड्यांत. फ्लशचं पाणी जास्त म्हणून खड्डे जरा मोठे घेतले. परसातलं जुनं ग्रामीण भांडं काकांसाठी ठेवलं, फक्त त्याचा पाइप नव्या खड्ड्यांकडे वळवला. जुना खड्डा बंद केला. खर्चात भांड्यापेक्षा खड्डे आणि पाइपच जास्त गेले, यावरून घरात थोडी कुरकुर झाली ती वेगळी.

तुमच्यासाठी

घरचा संडास निवडायचा असेल तर या क्रमाने जा : मैला शेवटी कुठे जाणार, तो काढणार कोण, पाणी किती आहे, कोण वापरणार, ट्रॅप एस की पी, आणि मग रंग नि कंपनी. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो.

आणि संशोधनाचा प्रश्न काढायचा असेल तर आज रात्री एक काम करा. तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा. त्याखाली ज्यांच्या आयुष्याला त्याचं उत्तर लागू होणार आहे अशा सगळ्या माणसांची यादी करा : नदीच्या खालच्या अंगाला राहणारा, टोपली उचलणारा, पाणी आणणारी, गुडघे गेलेली. मग यादीतलं कोण प्रश्नात आलंय आणि कोण सुटलंय ते बघा. जो सुटलाय त्याच्याशी सिनॉप्सिस जमा करायच्या आधी एकदा बोलून या. बहुतेक वेळा तुमचा खरा प्रश्न त्याच्याकडेच असतो.

विहिरीच्या पाण्याचे नमुने मी घेतलेत. जुना खड्डा बंद झाल्यापासून दर महिन्याला घेते आहे. एका विहिरीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे माझे गाईड सांगतीलच. पण गावात अशा किती विहिरींशेजारी किती खड्डे आहेत, हे मोजायला मी आता टेप घेऊन निघाले आहे. आजीने सोबत न्यायला चिवडा बांधून दिलाय.

भेटू पुढच्या लेखात.